बाराचा पाढा चुकवू नका: ब्रॉबडिंगनॅगचा प्रवास मराठीत आणताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: जोनाथन स्विफ्टच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'चा दुसरा भाग, म्हणजे गलिव्हरचा महाकाय माणसांच्या देशातला मुक्काम, संपूर्ण मराठीत आणायला घेतला आहे. मापं मीटरमध्ये बदलावीत का, तिथल्या लोकांना राक्षस म्हणावं का, किळस आणणारे प्रसंग गाळावेत का, आणि ज्याला सगळे उपरोध म्हणतात तो नेमका कोणत्या ओळींत आहे?

मापं फूट, वार, मैल अशीच ठेवा. 'राक्षस' हा शब्द पहिल्या प्रकरणातल्या भेदरलेल्या क्षणांपुरता वापरा आणि मग सोडून द्या. काही गाळू नका. उपरोध मात्र एखाद्या ओळीत बोट ठेवून दाखवता येत नाही. गलिव्हर जे मनापासून बोलतो आणि ते वाचून आपल्याला जे कळतं, त्या दोहोंच्या मधल्या फटीत तो राहतो. अनुवादकाने ती फट बुजवली की पुस्तक संपलं. मुलांसाठी केलेल्या संक्षिप्त रूपांतरांत हेच होतं: उंदराशी झुंज, माकड, गरुड एवढं उरतं आणि सहावं-सातवं प्रकरण जातं.

आधी प्रत कोणती घेता ते पाहा. पुस्तक लंडनला २८ ऑक्टोबर १७२६ रोजी बेंजामिन मॉट याने छापलं. लेखक म्हणून स्विफ्टचं नाव त्यावर नव्हतं. खटल्याच्या भीतीने छापखान्यात मजकुरात फेरफार झाले, याची स्विफ्टने पुढे तक्रार केली. १७३५ साली डब्लिनच्या जॉर्ज फॉकनरने काढलेल्या आवृत्तीत बरंचसं पूर्ववत झालं. त्या आवृत्तीवर आधारलेली प्रत घ्या. तिच्या सुरुवातीला गलिव्हरचं आपल्या नातलगाला, सिम्सनला, लिहिलेलं पत्रही असतं. छापणाऱ्याने 'ब्रॉबडिंगरॅग'चं 'ब्रॉबडिंगनॅग' करून टाकलं, अशी तक्रार गलिव्हर त्यात करतो. मराठीत सर्वत्र 'ब्रॉबडिंगनॅग' लिहा आणि पत्रातला तो एकच 'र' मात्र काळजीपूर्वक टिकवा. मुद्रितशोधकाला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तो चूक समजून सुधारतो.

आता मापांकडे. इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या, कारण या भागाचा कणाच तिथे आहे. पहिल्या भागात लिलिपुटची माणसं गलिव्हरच्या एक बारांश, दुसऱ्या भागात सगळं बारा पट. फूट आणि इंच यांच्यातही बाराचंच नातं असल्यामुळे स्विफ्टला हिशेब सोपा पडला: इंग्लंडमध्ये जे एक इंच, ते ब्रॉबडिंगनॅगमध्ये एक फूट. तुम्ही मीटर केलेत की हे नातं तुटतं. शेतकऱ्याचं जेवणाचं टेबल तीस फूट उंच आहे. बाराने भागा, अडीच फूट, म्हणजे आपल्या घरातलं नेहमीचं टेबल. मालकिणीचा पलंग वीस वार रुंद आणि जमिनीपासून आठ वार उंच, म्हणजे पाच फूट रुंद, दोन फूट उंच. कुंपणावरून उतरायच्या दगडी पायऱ्या सहा-सहा फुटी, म्हणजे सहा इंची. पिकाची उंची चाळीस फूट, म्हणजे सव्वातीन फुटांहून थोडी जास्त. राजाचे घोडे चोपन्न ते साठ फूट, म्हणजे साडेचार ते पाच फूट. राजवाड्यातला स्पिनेट साठ फूट लांब आणि त्याची प्रत्येक पट्टी जवळजवळ फूटभर रुंद. भागून पाहा, बरोबर तेच वाद्य हाती लागतं जे त्या काळी इंग्रजांच्या दिवाणखान्यात असे. परतताना गलिव्हर एका नोकराचा उपटलेला दात घेऊन येतो, तो फूटभर लांब आणि चार इंच जाड. एक इंच लांब आणि तिसरा हिस्सा जाड, साधी दाढ.

भूगोलही याच पाढ्यावर बसवलेला आहे. देश सहा हजार मैल लांब, म्हणजे आपल्या मापाने पाचशे मैल. ईशान्येचे डोंगर तीस मैल उंच, म्हणजे अडीच मैल. राजधानी लॉरब्रुलग्रडची लांबी सुमारे चोपन्न मैल, म्हणजे साडेचार मैल, आणि लोकसंख्या सहा लाख, जवळजवळ त्या वेळच्या लंडनएवढी. शेतकऱ्याच्या घरापासून राजधानी तीन हजार मैल, म्हणजे अडीचशे. गाडी रोज सातआठ विसा मैल चालते असं गलिव्हर सांगतो. एकशे चाळीस ते एकशे साठ मैल भागिले बारा, रोज बारातेरा मैलांची आरामशीर मजल. म्हणून अनुवाद करताना वहीत दोन रकाने आखा: डावीकडे मूळचा आकडा, उजवीकडे बाराने भागलेला. उजवा रकाना विचित्र दिसला तर बहुतेक वेळा तुमच्या वाचण्यात किंवा छापण्यात चूक झालेली असते. हजारात एक शून्य गळणं ही नेहमीची चूक, आणि ती या तक्त्यात लगेच पकडली जाते.

लांबीला बारा, क्षेत्रफळाला एकशे चव्वेचाळीस, घनफळाला आणि वजनाला सतराशे अठ्ठावीस. हे स्विफ्टला ठाऊक होतं. लिलिपुटमध्ये गलिव्हरचं रोजचं अन्न ठरवताना तिथले गणिती हाच हिशेब करतात. (काही छापील प्रतींत तिथे १७२४ असा आकडा दिसतो, १२ × १२ × १२ करून पाहिलं की १७२८ हाच खरा.) दुसऱ्या भागात गारांच्या पावसाचा प्रसंग आहे. तिथली गार युरोपातल्या गारेच्या जवळजवळ अठराशे पट मोठी, आणि आपण ती वजन करून, मोजून सांगतो आहोत, असं गलिव्हर म्हणतो. त्याला दहा दिवस घराबाहेर पडता आलं नव्हतं. मालकिणीने दिलेला सगळ्यांत छोटा पेला दोन गॅलनचा. इथे दुहेरी खबरदारी घ्या. हा जुना वाइन गॅलन, २३१ घन इंचांचा. १८२४ नंतरचा ब्रिटिश गॅलन साडेचार लिटरचा, तो इथे लावू नका. दोन वाइन गॅलन म्हणजे साडेसात लिटर. १७२८ ने भागा, साडेचार मिलिलिटरही भरत नाही. चमचाभराचा औषधी पेला. गलिव्हर तो दोन्ही हातांनी कसाबसा उचलतो. मराठीत 'पिंप' किंवा 'घागर' लिहिलंत की प्रसंगाची चव जाते, कारण मालकिणीच्या हातात ती बोटभर वाटी आहे हे वाचकाला कळायला हवं.

काही ठिकाणी स्विफ्टचा डोळा लांबीवरच अडतो. जेवणाच्या खोलीतली मांजर त्याने बैलाच्या तिप्पट सांगितली आहे. गणिताने ती त्याहून कितीतरी भारी असायला हवी. राखणीचा कुत्रा चार हत्तींएवढा, तोही कमीच. अशा जागी आकडा सुधारू नका. तो घाबरलेल्या माणसाचा अंदाज आहे; मांजरीचं फक्त डोकं आणि एक पंजा पाहून केलेला. आणि अशी माणसं प्रत्यक्षात उभीच राहू शकणार नाहीत, हाडं वजनाखाली मोडतील, हे गॅलिलिओने १६३८ सालीच दाखवून दिलं होतं. वाचक हा आक्षेप घेईल म्हणून तळटीप लिहिण्याचा मोह होतो. लिहू नका. कथेला हवी आहे ती प्रमाणाची शिस्त. तेवढी एकदा बसली की वाचक बाकी सगळं मान्य करतो.

एककांबद्दल आणखी दोन गोष्टी. 'यार्ड'ला 'वार' हा शब्द मराठीत जिवंत आहे, नऊवारी-सहावारीमुळे तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही, तोच वापरा. 'लीग' दिसला की 'कोस' लिहू नका. लीग साधारण तीन मैलांचा, कोस त्याहून लहान, आणि प्रवासाची अंतरं चुकतात. शेतकऱ्याला राणीकडून मिळालेल्या हजार सोन्याच्या नाण्यांतलं एकेक आठशे 'मॉयडोर'एवढं होतं. मॉयडोर हे पोर्तुगीज सोन्याचं नाणं. 'पोर्तुगीज मोहोर' पुरेसं आहे.

आता शब्द. 'राक्षस' म्हटलं की मराठी मनात सुळे, नरभक्षण, अधर्म येतो. पहिल्या प्रकरणात गलिव्हरची कल्पना हीच असते. सोबतचे लोक होडी वल्हवत पळतात, मागे गुडघाभर समुद्रातून एक प्रचंड आकृती चालत येते, आणि पिकात लपलेला गलिव्हर मनात म्हणतो की माणूस आकाराने जितका मोठा तितका क्रूर, तेव्हा पहिला जो पकडेल तो मला खाऊन टाकणार. तिथे राक्षस हा शब्द शोभतो, कारण ती त्याची समजूत आहे. शेतकरी त्याला उचलून रुमालात गुंडाळतो, घरी नेतो, मालकीण पावाचे तुकडे कुस्करून देते. त्या क्षणापासून ही माणसं आहेत. 'शेतकरी', 'मालकीण', 'राजा', 'राणी' अशी साधी नावं घ्या, आणि गरज पडेल तिथे 'तिथली माणसं'. 'महाकाय'सुद्धा जपून वापरा. प्रत्येक पानावर तो शब्द आला तर आकार सांगण्याचं काम विशेषण करू लागतं आणि तीस फुटांचं टेबल बिचारं नुसतं उभं राहतं.

'कॉर्न' या शब्दावर बरेच जण घसरतात. पहिल्या प्रकरणातलं 'कॉर्न' म्हणजे उभं धान्याचं पीक. स्विफ्ट पुढे सातूचं शेत असं स्पष्ट सांगतो. 'मक्याचं शेत' लिहिलंत तर चाळीस फुटांचं माप उजव्या रकान्यात खुजं पडतं. आणि आठव्या प्रकरणात राणीच्या सखीच्या पायाच्या बोटावरून गलिव्हरने स्वतःच्या हाताने काढलेलं जे 'कॉर्न' आहे, ते आपल्या भाषेत पायाचं कुरूप. ते केंटमधल्या सफरचंदाएवढं असतं. इंग्लंडला आल्यावर तो ते आतून कोरून पेला करतो आणि चांदीत मढवतो. इथे 'दाणा' लिहिलेला अनुवाद वाचकाला पूर्ण गोंधळात टाकतो.

गांधीलमाश्या तित्तिराएवढ्या, त्यांच्या नांग्या दीड इंच, माश्या चंडोलाएवढ्या. हे पक्षी आपल्याकडे ओळखीचे आहेत, तसेच ठेवा. शाळकरी पोराने भिरकावलेला हेझलनट लहान भोपळ्याएवढा. इथे शेंगदाणा किंवा सुपारी आणू नका. हेझलनट हा शब्द आता बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्याचा दीड-दोन सेंटिमीटरचा आकार बाराने गुणला की भोपळा बरोबर बसतो. पाचव्या प्रकरणात गलिव्हर आपली चपळाई दाखवायला वाटेतल्या शेणावरून उडी मारतो आणि गुडघ्यापर्यंत आत रुततो. त्यासाठी मराठीत 'पो' हा नेमका शब्द आहे, 'शेणाचा ढीग' लिहू नका. ढीग कुणी घातलेला असतो, पो गाईने टाकलेला असतो, आणि एका गाईच्या एका पोमध्ये माणूस अडकतो हीच तर मापाची गंमत आहे.

विशेषनामं उच्चाराप्रमाणे लिहा आणि अर्थ मजकुरातच येऊ द्या, कारण गलिव्हर स्वतःच तो सांगतो. शेतकऱ्याची नऊ वर्षांची मुलगी, वयाच्या मानाने ठेंगणी, चाळीस फुटांची, ती 'ग्लमडॅलक्लिच', म्हणजे छोटी दाई. तिने त्याला दिलेलं नाव 'ग्रिल्ड्रिग', बुटुकला. राजधानी 'लॉरब्रुलग्रड', विश्वाचा अभिमान. ही नावं वाचताना जीभ अडखळते, आणि ती अडखळायलाच हवी.

संबोधनं हा मराठी अनुवादाचा खास प्रश्न, कारण इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. ग्लमडॅलक्लिच ग्रिल्ड्रिगला 'तू' म्हणेल, बाहुलीशी बोलतो तशी. तीही त्याच्या तोंडी 'तू'च राहू द्या, पण त्यात लाड आणि आधार दोन्ही यावेत. तिच्याशिवाय तो जगला नसता हे तो कधी विसरत नाही. राणीला 'राणीसाहेब', राजाला 'महाराज'. राजा त्याला 'तू'च म्हणणार, 'माझ्या चिमुकल्या मित्रा' असं म्हणून. या 'तू'मध्ये तुच्छता मिसळू देऊ नका. सहाव्या प्रकरणाच्या अखेरीस राजा जो निकाल देतो, तो गलिव्हरला हातात घेऊन, हळुवार कुरवाळत देतो. मराठीत ते वाक्य साधारण असं येईल: "तुझ्या देशातले बहुसंख्य लोक म्हणजे, निसर्गाने भूतलावर सरपटू दिलेल्या किळसवाण्या चिमुकल्या उपद्रवी किड्यांमधली सर्वांत घातक जात." मूळ शब्दात उवा-ढेकणांचा वास आहे. नुसतं 'कीटक' फार शास्त्रीय होतं, 'किडे' बरोबर. आवाज न चढवता उच्चारलेलं हे वाक्य आहे, म्हणून उद्गारचिन्ह घालू नका.

आता सहावं आणि सातवं प्रकरण. तुमच्या एकूण वेळेतला निम्मा वेळ या दोन प्रकरणांसाठी राखून ठेवा.

सहाव्यात गलिव्हर अनेक भेटींत राजाला इंग्लंडची व्यवस्था सांगतो: उमरावांचं सभागृह, बिशप, लोकांनी निवडलेलं सभागृह, न्यायालयं, खजिना, सैन्य. सगळं भारावलेल्या भाषेत. राजा टिपणं घेतो आणि मग सहाव्या भेटीत प्रश्न विचारतो. नव्या उमरावांची निवड कोणत्या गुणांवर होते, की राजाच्या लहरीवर, की एखाद्या दरबारी बाईला दिलेल्या रकमेवर? पैसेवाला परका माणूस मतदारांना आपल्या जमीनदाराऐवजी स्वतःकडे वळवू शकतो का? निवडून येण्यासाठी लोक स्वतःचा पैसा का घालवतात, तो परत कसा मिळवतात? कर पन्नास-साठ लाख आणि खर्च कधीकधी त्याच्या दुपटीहून जास्त, मग एखाद्या घराण्यासारखं राज्यही दिवाळखोर कसं होत नाही? शांततेच्या काळात कायमचं भाडोत्री सैन्य कशाला? हे सगळे प्रश्न १७२० च्या दशकातल्या इंग्लंडमध्ये रस्त्यावर बोलले जात होते. बँक ऑफ इंग्लंड १६९४ साली सुरू झाली होती, राष्ट्रीय कर्ज ही नवी गोष्ट होती, साउथ सी कंपनीच्या समभागांचा फुगा १७२० साली फुटला होता, तेव्हाचा प्रमुख मंत्री रॉबर्ट वॉलपोल याच्या राजकारणातल्या लाचखोरीवर उघड चर्चा होती. स्विफ्टने या कशाचंही नाव घेतलेलं नाही. त्याने फक्त एका समंजस, बाहेरच्या माणसाला साधे प्रश्न विचारू दिले.

म्हणून या प्रश्नांची भाषा शक्य तितकी साधी ठेवा. तुम्ही वकिली मराठी लिहिलीत तर राजा विरोधी पक्षाचा वक्ता होतो. तो तसा नाही. त्याला खरोखर समजत नाही म्हणून तो विचारतो. त्याला उत्तरं मिळत नाहीत, कारण गलिव्हरजवळ ती नाहीत.

सातव्या प्रकरणाच्या सुरुवातीला गलिव्हर एक गोष्ट कबूल करतो आणि बरेच अनुवादक ती घाईत ओलांडतात. राजाच्या अनेक प्रश्नांना आपण शिताफीने बगल दिली आणि प्रत्येक मुद्द्याला काटेकोर सत्याला धरून देता येईल त्याहून कितीतरी अनुकूल वळण दिलं, असं तो सांगतो. मातृभूमीच्या प्रेमापोटी. म्हणजे किड्यांचा तो निकाल राजाने दिला आहे तो गलिव्हरने सौम्य केलेल्या हकिकतीवरून. हे वाक्य नीट उतरलं की मागचं सगळं प्रकरण वाचकाच्या मनात आपोआप पुन्हा वाचलं जातं. घट्ट, सरळ, एका दमात लिहा.

लगेच पुढे बंदुकीची दारू येते. राजाची मर्जी संपादन करण्यासाठी गलिव्हर त्याला ती बनवायची कृती सांगायची तयारी दाखवतो: एका गोळ्याने सैन्याची रांग कशी उडते, गलबतं हजार माणसांसह कशी बुडतात, शहराची तटबंदी कशी ढासळते. तोफाही करून देतो म्हणतो, तुमच्या देशाच्या मापाला शोभतील अशा, सर्वांत मोठी शंभर फुटांहून जास्त नको. बाराने भागा: सव्वाआठ फूट, म्हणजे युरोपातली रोजची तोफ. संहाराचा प्रस्ताव मांडतानाही त्याच्या डोक्यात पाढा चालू आहे. यामुळे अंगावर काटा येतो, आणि म्हणूनच आकडा 'खूप मोठी तोफ' असा सैल करू नका. राजा हादरतो. एवढासा, सरपटणारा जीव इतक्या अमानुष कल्पना इतक्या सहजपणे बाळगतो याचं त्याला नवल वाटतं. अर्धं राज्य गेलं तरी चालेल, पण हे गुपित नको, आणि जीव प्यारा असेल तर पुन्हा याचं नाव काढू नकोस, असं तो बजावतो. यावर गलिव्हरची टिप्पणी: संकुचित तत्त्वांचा आणि आखूड दृष्टीचा केवढा हा विचित्र परिणाम!

इथे अनुवादकाची कसोटी आहे. ते उद्गारचिन्ह गलिव्हरच्या खऱ्या हळहळीचं आहे. त्याला राजाची कीव येते. तुम्ही वाक्यात 'म्हणे', 'जणू', 'काय तर' असे शब्द टाकलेत, किंवा अवतरणचिन्हांत 'संकुचित' बसवलंत, की गलिव्हर डोळा मिचकावू लागतो आणि वाचकाचं काम तुम्ही करून टाकता. मराठीत उपहासाची तयार साधनं खूप आहेत आणि ती जिभेवर चटकन येतात. या भागात त्यांपैकी एकही वापरू नका. संपादनाच्या शेवटच्या फेरीत हे शब्द शोधून काढून टाका.

याच प्रकरणात कायद्यांची हकिकत आहे: तिथला कोणताही कायदा शब्दसंख्येने त्यांच्या मुळाक्षरांपेक्षा मोठा नसतो, आणि मुळाक्षरं बावीस. बावीसच ठेवा, देवनागरीच्या हिशेबाने बदलू नका. जिथे एक कणीस किंवा गवताचं एक पातं उगवत होतं तिथे दोन उगवून दाखवणारा माणूस सगळ्या राजकारणी जमातीपेक्षा मानवजातीच्या जास्त उपयोगाचा, हे राजाचं म्हणणंही इथलंच. शेतकऱ्याच्या मराठीत ते सहज बसतं. 'कणीस', 'पातं', 'जमीन' याहून वेगळं काही शोधायला जाऊ नका.

राजा शहाणा आहे म्हणून देश आदर्श आहे असं समजू नका. शेतकऱ्याने गलिव्हरला बाजाराच्या दिवशी खोक्यात घालून नेलं, खानावळीत टेबलावर उभं करून पहिल्याच दिवशी बारा खेळ करवले, पुढे मोठ्या शहरांत फिरवलं आणि तो झिजून मरणार असं दिसताच राणीला विकून टाकलं. चौथ्या प्रकरणात राजधानीतले भिकारी आहेत, त्यांचे रोग आहेत, अंगावरच्या उवा आहेत. राजाने सैन्य नागरिकांचंच ठेवलं आहे, कारण पूर्वी तिथेही उमराव सत्तेसाठी, प्रजा स्वातंत्र्यासाठी आणि राजा निरंकुश अधिकारासाठी भांडत असत. स्विफ्टची मांडणी एवढीच आहे की सामान्य माणसाच्या हाती आवरता येईल इतकी सत्ता असली तर तो बऱ्यापैकी वागू शकतो. राजाच्या रेखाटनात मुत्सद्दी सर विल्यम टेंपल यांची छाया अनेक अभ्यासकांना दिसते. स्विफ्ट तरुणपणी त्यांच्या मूर पार्कच्या घरी सचिव होता. हे प्रस्तावनेत एका ओळीत सांगता येईल.

किळसवाण्या प्रसंगांचं काय? पहिल्या प्रकरणात बाळाला पाजणाऱ्या दाईचं स्तन, सहा फूट पुढे आलेलं, डागांनी भरलेलं. पाचव्यात राणीच्या सख्या, त्यांची त्वचा, त्यांचा वास, गलिव्हरसमोर कपडे बदलताना त्यांना न वाटणारा संकोच. प्रौढांच्या अनुवादात हे ठेवायलाच हवं. रॉबर्ट हुकच्या १६६५ च्या ग्रंथाने पिसवा आणि उवा सूक्ष्मदर्शकातून पानभर मोठ्या करून दाखवल्या होत्या. गलिव्हर इथे चालता-बोलता सूक्ष्मदर्शक झाला आहे. आणि तो प्रसंग तिथेच थांबत नाही. त्याला लिलिपुट आठवतं: तिथल्या लोकांची कांती त्याला जगात सर्वांत नितळ वाटली होती, आणि तिथल्या एका मित्राने त्याला सांगितलं होतं की जमिनीवरून पाहिलं तर तुझा चेहरा बरा दिसतो, हातात घेऊन जवळ नेलंस तेव्हा भयंकर वाटला. हा परिच्छेद गाळला तर दाईचं वर्णन स्त्रीद्वेषासारखं वाचलं जाईल. ठेवला तर वाचकाला आपल्याच अंगाकडे पाहावं लागतं. सख्यांच्या प्रसंगात मात्र भाषा चवीने लिहू नका. गलिव्हर तिथे शल्यचिकित्सकाच्या नजरेने पाहतो, आणि तो मुळात जहाजावरचा शल्यचिकित्सकच आहे.

मराठी वाचकाबद्दल एक सावधगिरी. लहानपण मागून घेणं, पुरात झाडं जातात आणि लव्हाळी वाचतात, हे आपल्या रक्तात आहे. त्यामुळे गलिव्हरचं लहान होणं हे नम्रतेचं शिक्षण असं वाटू शकतं. तसं ते नाही. माकड त्याला छपरावर नेऊन भरवतं, आणि अंथरुणातून उठल्यावर तो राजाला सांगतो की भीती वाटली नसती तर तलवारीने त्याचा पंजा जखमी केला असता. दरबार खदखदून हसतो. उंची गेली तरी त्याचा ताठा गेलेला नाही. त्याच्या वाक्यांत हा ताठा सतत ऐकू आला पाहिजे: बारीकसारीक बढाया, कपड्यांची काळजी, राणीच्या खुज्याशी केलेली बरोबरी. तीस फुटांचा तो खुजा गलिव्हरला सायीच्या वाडग्यात टाकतो, कारण आता दरबारात त्याच्याहून लहान कुणीतरी आलेलं असतं.

सुरुवातीचं वादळ अनेकांना छळतं. शिडं कशी आवळली, कोणती दोरी कुठे बांधली, असा एक परिच्छेद सागरी शब्दांनी गच्च भरला आहे. तो स्विफ्टने सॅम्युएल स्टर्मीच्या १६६९ च्या नौकानयनाच्या ग्रंथातून जवळजवळ जसाच्या तसा उचलला आहे, खलाशांच्या प्रवासवर्णनांचा सूर पकडण्यासाठी. वाचकाला तो कळावा अशी अपेक्षाच नाही. शीड, डोलकाठी, परबाण, नाळ, सुकाणू हे कोकणातल्या दर्यावर्दींचे शब्द वापरा. आपली गलबतं तिरक्या शिडांची, ते जहाज चौकोनी शिडांचं, त्यामुळे प्रत्येक दोरीला मराठी नाव मिळणार नाही. मिळेल तेवढं घ्या आणि परिच्छेद एका वेगात वाहू द्या. समजावत बसलात तर वादळ थांबतं. हे जहाज 'अॅडव्हेंचर' २० जून १७०२ रोजी सुरतेला निघालं होतं. ती सुरत आपली ओळखीची, शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० साली लुटलेली. ईस्ट इंडिया कंपनीचं पश्चिम किनाऱ्यावरचं मुख्य ठाणं १६८७ साली मुंबईला हललं तरी सुरतेचा व्यापार चालूच होता. तळटीप नको, 'सुरतेला' एवढा एक शब्द मराठी वाचकासाठी पुरेसा आहे. स्विफ्टलाही तो एवढ्याचसाठी हवा होता: रोज जहाजं जातात असं खरं बंदर, आणि मग १६ जून १७०३ ला डोलकाठीवरच्या पोराला दिसलेली अनोळखी जमीन.

परतीच्या प्रकरणात गती पुन्हा बदलते. गरुड प्रवासाचं खोकं उचलतो, समुद्रात टाकतो, एक इंग्रज जहाज ते पाहतं. आत बसलेला गलिव्हर खलाशांना सांगतो की कुणीतरी बोट घालून खोक्याची कडी उचला आणि वर घ्या. खलाशांना तो वेडा वाटतो. ही सूचना अगदी साधेपणाने लिहा, कारण दोन वर्षांत त्याला बोटाचं दुसरं कुठलं माप उरलेलं नाही. खलाशी त्याला खुजे दिसतात, तो ओरडून बोलतो, कारण रस्त्यावरून मनोऱ्याच्या टोकाशी बोलायची त्याला सवय झालेली आहे. ३ जून १७०६ ला तो इंग्लंडला पोचतो. वाटेतल्या लोकांना पायाखाली तुडवीन या भीतीने तो त्यांना बाजूला हटायला ओरडतो. घराच्या दारात डोकं आपटेल म्हणून वाकतो. बायको मिठी मारायला येते तर तो तिच्या गुडघ्यांखाली वाकतो, मुलगी आशीर्वादासाठी गुडघे टेकते तर ती त्याला दिसतच नाही, कारण त्याची नजर साठ फुटांवर लागलेली असते. मग तो तिला एका हाताने कमरेला धरून उचलायला जातो. या परिच्छेदात 'जणू', 'वाटे', 'भास होई' टाळा. तो जसं पाहतो तसं लिहा, आणि तक्त्याचा उजवा रकाना तिथे बंद करा, कारण आता भागायला आकडाच उरलेला नाही.